आक्का, मीच तुला गप्प बसवलं

प्रिय आक्का,

काल दुपारी डोळा लागला आणि तू दिसलीस. आपल्या कट्ट्यावर, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि बिडीची पानं. तू काहीतरी सांगत होतीस. ओठ हलत होते, पण आवाज म्हणून नव्हता. मी 'काय गं?' म्हणत पुढं वाकले आणि जाग आली. माझी सुजाता दीड वर्ष आपल्या सगळ्यांना अशीच बघत होती, नाही का?

सदलग्याला भावाच्या घरी गेलीस आणि तिथूनच गेलीस. महिना झाला. तुला ना मराठी वाचता यायचं ना कन्नड, तरी लिहिते. समोर होतीस तेव्हा बोलायचं राहून गेलं.

निपाणीच्या या गल्लीत आपली एकच भिंत. तुझं कन्नड, आमची मराठी, पलीकडच्या घरात हिंदी. सुजाता वर्षाची झाली तरी एक शब्द बोलेना. आणि मी बालवाडीची बाई, दुसऱ्यांच्या पोरांना बडबडगीतं शिकवणारी! मला वाटलं, तीन भाषा कानावर पडतात म्हणून पोरगी गोंधळलीय. डॉक्टरही म्हणाले, घरात एकच भाषा ठेवा. भाषेवरून आपल्याकडं थोरामोठ्यांची डोकी फिरतात, तिथं एवढंसं लेकरू गोंधळलं तर नवल काय?

तू तिला दिवसभर जवळ घेऊन 'बंगारी, बंगारी' करायचीस, म्हणजे तुमच्या कन्नडात सोनुली. मी येऊन सरळ सांगितलं, तिच्याशी कन्नडात बोलू नको. तू म्हणालीस, मला दुसरं कुठं धड येतं?

"मग बोलूच नको," मी म्हणाले.

किती तोऱ्यात म्हणाले गं! तू नुसती मान हलवलीस. पानं खराब निघाली की कारखान्यातल्या कारकुनाशी कडाकडा भांडणारी तू, माझ्याशी का भांडली नाहीस?

तेव्हापासून तू तोंडानं गप्प. पण भुवया, हनुवटी, बोटं, सगळं बोलायचं. चिमणी आली की बोटांची चोच. भाकरी म्हटली की तळव्यावर तळवा. सुजाता तुझ्या तोंडाकडं टक लावून बसायची, खुदुखुदु हसायची. मी एवढी बडबड करायची, तर माझ्याकडं ढुंकूनही बघायची नाही. खिडकीतून बघताना मला तुझा राग यायचा. आता लिहिताना लाज वाटते.

मग कर्नाटकी बेंदूर आला. भर दुपारी बैलांची मिरवणूक हलगी-ताशांसकट गल्लीतून गेली. पाळण्यातली पोरं किंचाळत उठली. सुजाता तुझ्या कट्ट्यावर झोपलेली, तिची पापणीसुद्धा हलली नाही. मी बैल बघत होते. तू तिला बघत होतीस.

त्यानंतर तीन दिवस तू तिच्या पाठीमागं परात वाजवून बघितलीस, हे मला मागनं कळलं. चौथ्या दिवशी दारात येऊन मोडक्या मराठीत म्हणालीस, "बाई, भाषेचं काय न्हाय. पोरीला ऐकूच येत न्हाय."

मी तुझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मग आपली परात घेतली. सुजाता मुंग्यांची रांग बघत बसली होती. मागं उभी राहून मी लाटण्यानं परात बडवली, परत परत बडवली. ती मुंग्याच बघत राहिली. शेवटी मी तिथंच बसून रडले.

तीन दिवस का थांबलीस, आक्का? 'बोलू नको' म्हटलं ते मनात धरून? कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

बेळगावला कानाच्या दवाखान्यात तू बरोबर आलीस. तिथं कळलं, सहा महिन्यांची असतानाच आणली असती तर लई बरं झालं असतं, पण अजून वेळ गेलेली नाही. कानात बटण, तिथून वायर, आणि छातीवर साबणाच्या वडीएवढं यंत्र. त्याला तू तुझ्या खणाची पिशवी शिवलीस. तिथल्या बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, पोरीच्या समोर बसा, चेहरा दिसू द्या, हात हलवत बोला. मग सुजाताकडं बघून त्यांनी विचारलं, "ही चेहऱ्याकडं बघायला कुठं शिकली? निम्मं काम कुणीतरी आधीच केलंय."

तू पदर सारखा करत खिडकीबाहेर बघत होतीस. तेव्हाच तुझे पाय धरायला हवे होते. नाही धरले.

परतीच्या बसमध्ये एवढंच म्हटलं, आक्का, आता बोल तिच्याशी, कन्नडात बोल. तू 'बंगारी' म्हणालीस. सुजातानं यंत्रावर हात ठेवला आणि तुझ्या ओठांकडं बघत राहिली. निपाणी येईपर्यंत तू तेवढंच म्हणत होतीस.

आता ती सात वर्षांची आहे. शब्द तुटक येतात, पण येतात. तुझं नाव ती हातानंच घ्यायची, मांडीवर सूप धरून बोटांनी बिडी वळल्यासारखं करायची. तू गेलीस हे सांगताना मी तीच खूण केली आणि रिकामा कट्टा दाखवला. तिनं माझा हात धरून थांबवला आणि तोंडानं म्हणाली, "बंगारी."

परवा समोरच्या घरात बारसं होतं. पाळणा म्हणून झाल्यावर मी बाळाच्या उशाशी हळूच परात वाजवली. ते दचकलं, त्यानं भोकाड पसरलं, त्याची आजी माझ्यावर खेकसली. मला इतका आनंद झाला, काय सांगू तुला!

तर आक्का, हे माझं वचन. गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक बाळाकडं मी परात घेऊन जाईन, लोक हसले तर हसू देत. जे दचकणार नाही, त्याच्या आईला त्याच दिवशी सांगेन. तिनं दार लावलं, तर दारात बसून राहीन. आणि 'बोलू नको' असं पुन्हा कुणालाही म्हणणार नाही.

स्वप्नात परत ये. आवाज नसला तरी चालेल. या वेळी मी तुझ्या तोंडाकडं नीट बघेन.

तुझी भिंतीपलीकडची,
सुजाताची आई