रुळांपलीकडची गाडी

अप्पा, तुम्ही गेलात त्या दुपारी मी पुण्याला कॉलेजात होतो. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात तुम्ही यंत्रमागाशेजारी मटकन खाली बसलात आणि लोक फाटकापाशी ॲम्ब्युलन्सची वाट बघत राहिले, एवढंच मला नंतर कळलं. म्हणून शिकून परत आल्यावर इथल्या आमच्या छोट्या ऑफिसात शहरातल्या ॲम्ब्युलन्ससाठी प्रोग्राम करायचं काम आलं, तेव्हा मी ते मागून घेतलं. तुम्ही असता तर माग थांबवून चार जणांना सांगितलं असतं, "आमचं पोरगं कॉम्प्युटरमधलं लई जाणतंय."

फोन आला की सगळ्यात जवळची गाडी शोधायची, एवढंच काम. त्यासाठी लायब्ररी मिळते, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेला कोड. ती नकाशाच्या चौकटी करते, चौकटीत आणखी लहान चौकटी, आणि विचारलं की सगळ्या गाड्या न तपासता नेमक्या चौकटीत बघून क्षणात उत्तर देते. पण तिचं 'जवळ' म्हणजे सरळ रेषेत जवळ. मधे रस्ता आहे का भिंत, ते तिला माहीत नसतं. म्हणून तिच्याकडून जवळच्या पाच-सहा गाड्या मागायच्या आणि त्यांतली रस्त्याने कुठली लवकर पोचेल ते आपण बघायचं. मी एकच मागितली.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी रेल्वेलाइनजवळच्या गल्लीतून फोन आला. एका म्हाताऱ्या माणसाला अर्धांगाचा झटका आला होता. प्रोग्रामने निवडली ती गाडी रुळांपलीकडची. ड्रायव्हर फोनवर ओरडत होता, "सर, गल्ली हितनं दिसतीय की मला, पण मधी रूळ हायेत! लई लांबनं वळसा घालून यावं लागंल." रुळांच्या अलीकडे, गल्लीच्या बाजूला, दुसरी गाडी रिकामी उभी होती, रेषेत जरा लांब, रस्त्याने जवळ. गाडी येईतोवर त्या म्हाताऱ्यांची मुलगी दारात उभी होती, तुमच्या कारखान्याच्या फाटकापाशी लोक उभे होते तशीच. ते वाचले. उजवा हात मात्र गेला. गाडी लवकर पोचती तर राहिला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

मी त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. जेमतेम दहाबारा ओळी. काही दिवसांनी ती मुलगी पेढे घेऊन ऑफिसात आली. "तुमच्यामुळं आमचे अण्णा वाचले," म्हणाली आणि माझ्या पाया पडायला वाकली. माझ्याहून वयाने मोठी बाई, अप्पा. मी मागे सरकलो. पेढा घेतला, खाल्लासुद्धा. ती गेल्यावर साहेबांना खरं काय ते सांगितलं, तर म्हणाले, "दुरुस्त केलंस ना? मग आता कशाला उकरतोस?"

रविवारी मी त्या बाईंच्या घरी गेलो. अण्णा खाटेवर बसलेले, डाव्या हाताने बशी धरायची सवय करतायत. बाईंनी चहा ठेवला. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी चहा कपात गाळला. मग म्हणाल्या, "आता नीट केलंय म्हणता. मग पहिल्यांदाच का नाही केलं?"

"विसरलो," मी म्हणालो.

त्यांनी कप माझ्यापुढे केला. "होतं की माणसाकडनं."

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? पण कुणाला तरी सांगायला हवं. मी विसरलो नव्हतो, अप्पा. काम दाखवायचा दिवस जवळ आला होता, रस्त्याचं अंतर बघायचं राहिलंय हे मला माहीत होतं, आणि मी म्हटलं, बघू नंतर.