पागा कारकुनाची कादंबरीविषयक मते

धार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

राजश्री मोरोपंत बोरगावकर, बागखात्याचे कारकून, देवास धाकटी पाती, यांच्या सेवेशी दत्तोपंत मेढेकराचा धारहून साष्टांग नमस्कार. आठ अंगांत हातही येतात, तेव्हा उजव्या हाताचा अंगठा तेवढा वगळून बाकीचा नमस्कार गोड मानून घ्यावा. पागेतल्या एका काठेवाडी घोडीने तो अंगठा असा काही चावला आहे की टाक धरणे दूरच, घास उचलतानासुद्धा देव आठवतो. म्हणून हे पत्र मी पाटावर बसून तोंडाने सांगतो आहे व आमच्या घरची मंडळी ते उतरून घेत आहेत. त्यांना लिहिता येते हे मला लग्नानंतर कळले होते, पण त्याचा घराला काही उपयोग होईल असे वाटले नव्हते. आज झाला. (पार्वती, कंसातले सगळे माझे आहे आणि कंसाबाहेरचे स्वारीचे. धारची पाकिटे तुझ्याकडे तूच फोडतेस म्हणून हे धाडस. स्वारी डोळे मिटून सांगते आहे.)

आपली प्रकृती, आपल्या कलमी आंब्यांची प्रकृती आणि वहिनींचा खोकला यांविषयी सविस्तर कळवावे. मी आपल्याकडे जेवायला होतो तेव्हा त्या दाराआड सारख्या खोकत होत्या. आमच्याकडे अडुळशाचा काढा देतात, मध घालून. (तो खोकला कसला होता ते मी ओळखले. पदराचा बोळा तोंडात घालून बसली होतीस ना? मला तिथे असायला हवे होते ग.)

मोरोपंत, मी देवासहून परतलो त्याला आता बरेच दिवस झाले, पण डोक्यातला गुंता काही सुटलेला नाही. तो आपल्यापुढे मांडावा म्हणून हा पत्रप्रपंच. हे माझे आपल्याला पहिलेच पत्र. आपल्या म्हणण्याप्रमाणे ते कितवे आहे देव जाणे, पण माझ्या हिशेबी पहिलेच. झाले ते असे की पागेसाठी घोड्यांची एक जोडी पाहून ये म्हणून सरकारातून मला देवासला पाठवले. टांग्याने हाडे खिळखिळी करून घेत मी तिथे पोहोचलो. आता आपले गाव म्हणजे एका रस्त्याच्या एका अंगाला थोरल्या पातीचे राज्य, दुसऱ्या अंगाला धाकट्या पातीचे. महाराज दोन, कचेऱ्या दोन, शिपाईदेखील दोन तऱ्हेचे. आपल्याला जन्माची सवय आहे. धारसारख्या एकाच राज्यात वाढलेल्या माणसाचे काय व्हायचे? घोडे थोरल्या पातीत आणि मी धाकट्या पातीतल्या कचेरीच्या ओट्यावर दुपारभर घोड्यांची वाट पाहत बसलो. मधूनमधून एक शिपाई येऊन मला पाणी देई व काही न विचारता निघून जाई. शेवटी समोरच्या पानवाल्याला दया आली. तो म्हणाला, "भिया, घोडा तो सामने वाले राज में हे. आप कां के हो?" मी धारच्या पागेचा कारकून असल्याचे सांगितले, आणि त्याच क्षणी त्याच्याकडून पान घेत असलेल्या आपण वळून मला कडकडून मिठी मारलीत.

आपण म्हणालात, "पागेकडील धारकर? अहो, काय सुंदर पत्रे लिहिता!" मी लिहीत नाही हे सांगायला मी तोंड उघडले होते, यावर विश्वास ठेवावा. पण आपल्या हातातले पान तोवर माझ्या तोंडात गेले होते. पान संपेपर्यंत आपण मला घराच्या दारात आणले होते, आतून फोडणीचा वास येत होता, आणि अशा वेळी यजमानाला खोटे पाडणे कोणत्या शास्त्रात बसते? म्हणून मी एवढेच म्हणालो की आपलीही उत्तरे काही कमी नसतात. यावर आपण दचकलात. ते मला दिसले, पण उन्हात चालल्यामुळे असेल असे वाटले.

(हे सुरू कसे झाले ते यांना ठाऊक नाही. बागलीच्या आत्याबाईंनी ती बैराग्याची कादंबरी आधी तुला दिली आणि मग मला. तू समासात पेन्सिलीने लिहिले होतेस, "नवरा बैराग्याच्या वेषात तीन वर्षे दाराशी भिक्षेला येतो आणि बायको त्याला ओळखत नाही, हे मला पटत नाही." मी खाली लिहिले, "घरात असलेला ओळखू येत नाही, मग दारातला कसा ओळखू येईल?" आत्याबाईंनी ते पुस्तक तीनदा इकडून तिकडे नेले व शेवटी कंटाळून आपल्याला एकमेकींचे पत्ते दिले. बायकांच्या नावाने टपाल आले तर चार घरांत चर्चा, म्हणून पाकिटावर तू यांचे नाव घालू लागलीस आणि मी तुझ्या घरचे. इकडे टपाल येते तेव्हा स्वारी पागेत असते. तुझ्या तिसऱ्या पत्रात "डाळ उतू चालली म्हणून येथेच थांबतो" असे वाचले तेव्हा मी एवढी हसले की सासूबाईंना वाटले मला झाडाने धरले.)

जेवताना आपण विचारलेत की त्या बैराग्याबद्दल माझे मत अजून तेच आहे का. कोणता बैरागी, हे मला कळेना. मी म्हटले, मत बदलण्यासारखे काही घडलेले नाही. आपण "वा" म्हणालात. मग मी आपले मत विचारले. आपण म्हणालात, "ते आपल्याला ठाऊकच आहे." मीही "वा" म्हणालो. त्यानंतर आपण दोघे बराच वेळ कढी पीत राहिलो व वहिनी खोकत राहिल्या. शेवटी मला वाटले, गप्प बसणे बरे नव्हे, एवढा विद्वान माणूस काय म्हणेल. म्हणून मी पागेतल्या माणसाला सुचेल ते विचारले, की बैराग्याचा घोडा कोणत्या जातीचा होता. आपण म्हणालात, घोड्याचे आठवत नाही, पण ज्या रानात तो हिंडला तिथे आंबे असावेत. तिथून आपण कलमांवर आलात, कलमांवरून खतावर, आणि खत म्हटल्यावर मला जो कंठ फुटला तो आपण ऐकलाच. घोड्याचे खत किती मुरवावे यावर आपण जे बोललात, तसे शहाणपणाचे बोलणे मी कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. तेवढ्या वेळात बैराग्याची आठवणसुद्धा झाली नाही.

पण पान खाताना आपण फडताळातून ते पत्र काढून दाखवलेत आणि माझी पुन्हा पंचाईत झाली. चांगली सहा पाने. मोत्यासारखे अक्षर. ते अक्षर मी कुठे तरी पाहिल्यासारखे वाटते आहे, पण कुठे ते आठवत नाही. (इथून पुढे मी अक्षर जरा वाकडे काढते आहे. तुला लावायला त्रास होईल, पण इलाज नाही.) त्यात एका विधवा राजकन्येची बाजू घेऊन तिच्या दिराला असे काही झोडपले होते की मीच तो दीर असल्यासारखा ओशाळलो. आणि खाली सही काय, तर "आपला स्नेही, पागा, धार". नावच नाही. आपण म्हणालात की माझ्या एकाही पत्रावर माझे नाव नसते, आणि आपल्याला वाटे की हा माझा विनय. मी विनयशील आहे खरा, पण इतका नाही. मोरोपंत, माझ्या नावाने सहा सहा पाने लिहिणारा हा माणूस माझे नाव लिहायलाच एवढा का लाजतो? (हा मुद्दा स्वारी दुसऱ्यांदा सांगते आहे. मी एकदाच लिहिला आहे.)

तेव्हाच मला संशय आला की आपणही ती पत्रे वाचलेली नाहीत. सहावे पान उलटे धरून आपण मान डोलावीत होतात. मी तसे बोललो नाही, कारण आपण माझे तोंड पाहत होतात आणि मी आपले. राग मानू नये. आपण दोघेही एकाच नावेत आहोत, फक्त वल्ही कोण मारते आहे ते कळत नाही.

घरी आल्यावर मी शोध सुरू केला. शाळेतल्या मास्तरांना विचारले, ते म्हणाले सहा पाने लिहिण्याइतका पगार त्यांना नाही. ग्रंथालयातले तात्यासाहेब म्हणाले की पागेच्या नावाने तिथून पुस्तके मात्र नियमित जातात, आणि माझी वाचनाची गोडी पाहून त्यांना फार समाधान वाटते. हल्ली ते मला पाहून उठून उभे राहतात. परवा दोघा वकिलांनी मला वाटेत थांबवून स्त्रीशिक्षणावर माझे मत विचारले. मी घाम पुसून म्हटले, अंगठा बरा झाल्यावर सांगेन. हे असे चालणार नाही. म्हणून मी ठरवले आहे की उद्या पोस्टमास्तरांकडे जाऊन सांगावे, देवासहून माझ्या नावाने येणारे टपाल न वाटता आल्या पावली परत करा. आपणही तिकडे तसेच करावे. टपाल बंद झाले म्हणजे चोर आपोआप

(पार्वती, इथे माझा हात थांबला. "काय झाले" म्हणून विचारणे झाले. मी शाई संपली म्हणाले. शाई भरपूर आहे. मला फार भीती वाटते आहे. या घरात मला कशाचे कमी नाही, पण वाचलेले पुस्तक मिटल्यावर "पुढे काय वाटले" असे विचारणारे तुझ्याशिवाय कोणी नाही. तू दिसतेस कशी, गोरी की सावळी, हेदेखील मला ठाऊक नाही. स्वारीला विचारले तर म्हणाले, दाराआड होत्या, खोकत होत्या. आता कुठल्या नावाने लिहायचे? आत्याबाईंच्या पत्त्यावर बागलीला लिही. त्या ओरडतील, पण पोचवतील.)

सापडेल, एवढेच मला म्हणायचे होते. निघताना वहिनींनी "घरी द्या" म्हणून जे पुडके दिले ते घरी दिले. त्यात एक खण होता व एक जाडजूड पुस्तक. खण घरच्यांचा असणार हे उघड आहे. पुस्तक माझ्यासाठी असावे म्हणून उशाला ठेवले होते, पण ते जागेवर राहत नाही. (तू खुणेची काडी जिथे घातली होतीस तिथे मी रडले.) असो. फार लिहवले. मी एक वाक्य सांगतो तर टाक तीन वाक्यांइतका चालतो, हे बायकांच्या लिहिण्याचे वळणच असावे. लोभ आहे तो खत-कलमांसकट वाढावा.

आपला,
दत्तोपंत मेढेकर
(हे नाव मी लिहिलेले नाही. जागा सोडली होती, डाव्या हाताने सही झाली.)

ता. क. पोस्टमास्तरांकडे जाण्यापूर्वी एक विनंती. आपल्या फडताळात माझी जी पत्रे आहेत त्यांतली दोन-चार जरूर धाडून द्यावीत. वकील पुन्हा भेटणार आहेत, आणि माझी मते काय आहेत ते मला कळलेले बरे. खताची एक गाडी त्या बदल्यात पाठवतो.

ता. क. (पार्वती, टपालात टाकायला स्वारी स्वतः निघाली आहे, म्हणून घाईत लिहिते. आजवर मी तुला "आपला स्नेही, पागा" म्हणून लिहिले. हे कदाचित शेवटचे, म्हणून एकदा तरी खरे नाव घालते. तुझी, यमुना.)

ता. क. हे डाव्या हाताने लिहितो आहे, म्हणून अक्षर घोड्याने लिहिल्यासारखे आहे. टपालपेटीपाशी उभे राहून सगळे पत्र वाचले. अंगठा चावला आहे, डोळे शाबूत आहेत. वहिनी, हे आपल्यालाच लिहितो, कारण मोरोपंत इथवर वाचणार नाहीत. सही पाहिली तेव्हाच आपल्या फडताळापुढे उभ्या उभ्या मला कळले होते. माझे नाव तोंडाने न घेणारे माणूस आमच्या घरात एकच आहे. पोस्टमास्तरांची थाप मारली ती टाक थांबतो का ते पाहायला. तो थांबला, आणि मला वाटले त्याहून मला जास्त वाईट वाटले. घरात दोन वर्षे एक माणूस एवढे बोलत होते आणि ते मला देवासला जाऊन कळावे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी यांना घेऊन देवासला येतो. मी व मोरोपंत खत पाहायला बाहेर जाऊ, आपण दोघींनी दार लावून हवे तेवढे खोकावे. यापुढे पाकिटावर पत्ता असा घालावा: सौ. यमुनाबाई मेढेकर, पागेजवळ, धार. पोस्टमास्तरांना मी सांगून ठेवतो. फक्त वकिलांसाठी एक सोय असू द्यावी, की माझी मते बदलली तर मला अधूनमधून कळवत जावे.