निळ्या बोर्डाचं बटन

पवनार,
ता. ९ फेब्रुवारी

चि. वर्षाली हिला बाबाचे आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, वांगी बरी लागली आहेत, धाम नदीला पाणी आहे. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. पत्ता आईने दिला. तिला रागावू नकोस.

लिहायचं कारण तुझा तो कॉलेजचा निळा बोर्ड, ज्यात प्रोग्राम भरला की दिवे-मोटारी आपोआप चालू-बंद होतात. तुझ्या पेटीतून काढला, तुझा जुना लॅपटॉपही काढला. वाफ्यांना पाणी सोडताना आईला दर वेळी स्टार्टरच्या पेटीपर्यंत चालत जावं लागतं. म्हटलं, पंप या बोर्डाला जोडू आणि लांब वायरवर एक बटन तिच्या हाताशी देऊ. चाळीस वर्षं दुकानात बसून जळलेल्या मोटारींत तांब्याची तार भरतो आहे मी, हे तळहाताएवढं पान मला काय शिकवणार!

बाई गं, शिकवलं! सी भाषा म्हणजे सासुरवास आहे नुसता. ओळ संपली की अर्धविराम द्यायचा. तो तेराव्या ओळीत विसरलो तर हा लॅपटॉप चौदाव्या ओळीवर बोट ठेवतो. मी दोन दिवस चौदावी ओळ घासत बसलो, भांडं घासावं तशी. कंस उघडला की मिटायचा, मोठं अक्षर लहान लिहिलं की हा रुसतो. मोबाईलवरचा तो व्हिडिओवाला दर वाक्याला ‘बहुत आसान है’ म्हणतो. त्याला एकदा घरी जेवायला बोलावून विचारणार आहे, कुठं आसान आहे ते दाखव. शेजारचे नत्थूजी येऊन खिडकीतून म्हणतात, “रूपरावजी, यंदा बारावीले बसून राह्यले काय?”

अठरा दिवसांनी बोर्डावरचा बारका दिवा लुकलुकला. मी आईला हाक मारली. ती म्हणाली, “याच्यासाठी अठरा दिवस दाढी नाई केली?”

मग पंप जोडला. मोटार लागोपाठ चालवायची नाही, तिला विसावा द्यायचा, ही माझी सवय तुला ठाऊक आहे. म्हणून लिहिलं: दहा मिनिटं चालव, दहा मिनिटं थांब. तेवढा वेळ बोर्डाला थांबवून ठेवायला ‘डिले’ नावाची आज्ञा असते, त्यात आकडा घालायचा. हजाराचा एक सेकंद. सहा लाख घातले आणि ऐटीत चहा प्यायला बसलो.

तेवढ्यात वाफ्यातून आईचा आवाज. पाइप निसटून पाणी मोकाट सुटलं होतं, आणि ती बटन दाबत होती.

“अवो, मी दाबून राह्यली, दाबून राह्यली, थे बंदच नाई होत! हे बटन हाय का देव्हाऱ्यातली घंटी, वाजवा अन् बसा?”

मी चप्पल न घालता धावलो आणि स्टार्टर बंद केला. तोवर मेथीचे तीन वाफे वाहून गेले. आई चिखलात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

वायर तपासली, बटन बदललं, बोर्डाला नाही नाही ते बोललो. शेवटी पेटीतली तुझी वही काढली. त्यात तुझ्या अक्षरात होतं: ‘डिले चालू असेपर्यंत बोर्डाला बटन कळत नाही. कितीही वेळा दाबा.’ आणि बाजूला पेन्सिलीने, बारीक: ‘बाबांसारखं.’

आधी हसलो. मग पानावरची तारीख पाहिली. तू दुसऱ्या वर्षाला होतीस. अल्लीपूरच्या स्थळाचं प्रकरण त्यानंतर तीन वर्षांनी झालं. मी आजवर समजत होतो, मुलगी त्या एका दिवसासाठी रुसून पुण्याला गेली.

प्रोग्राम बदलला आहे. आता सहा लाखांची एक झोप नाही. सेकंदाचा दहावा भाग थांबायचं, बटनाकडे पाहायचं, पुन्हा तेवढंच थांबायचं. दहा मिनिटं तीच, मोजणं तेच, पण मोजता मोजता लक्ष राहतं. आईने काल सात वेळा दाबून पाहिलं. सातही वेळा पंप बंद झाला. आठव्यांदा मी म्हटलं, पुरे आता, मोटार जाळशील.

आता जे लिहायला तीन पानं फिरलो ते लिहितो.

त्या दिवशी तू दुकानाच्या दारात उभी राहून तीनदा म्हणालीस, “बाबा, मला अल्लीपूरला नाही द्यायचं. त्यांना शब्द देऊ नका.” मी हात वर केला, थांब म्हणालो, आणि संध्याकाळी शब्द देऊन आलो. सकाळच्या पहिल्या बसने तू गेलीस. सगळ्यांना मी आजवर हेच सांगत आलो की मोटारीत भरायच्या तारेचे वेढे मोजत होतो, पोरगी काय बोलली ते ऐकूच आलं नाही. तुझी आईही तेच खरं मानते.

वर्षाली, तुझ्या वहीत एक चूक आहे. तो बोर्ड माझ्यासारखा नाही. त्याला खरंच कळत नाही. मला तिन्ही वेळा ऐकू आलं होतं. एकशे चाळिसाव्या वेढ्यानंतर मी मोजतच नव्हतो, नुसता हात फिरवत होतो, तू जाईपर्यंत. ती मोटार मला सगळी उकलून पुन्हा भरावी लागली.

तू रविवारी आईला फोन करतेस तेव्हा मी उठून दुकानात जातो. या रविवारी जाणार नाही, तिच्या शेजारी बसेन. फोन माझ्याकडे द्यायचा नसेल तर आईला ‘देऊ नको’ म्हण. पण मोठ्याने म्हण, म्हणजे मलाही ऐकू येईल. तीनदा म्हणावं लागणार नाही.

तुझा बाबा
रूपराव