पंधरा टक्के वर

६ मे
आजपासून रोज लिहिणार. एकही दिवस खाडा नाही.

सकाळी नालुमिनो मॅडमनी बोलावलं. त्या आमच्या ऑफिसच्या प्रमुख. तिसऱ्या मजल्यावर नियोजन शाखेत ऑक्टोबरमध्ये एक जागा रिकामी होते आहे. वर खिडक्या आहेत, वारा आहे. मी अठरा वर्षं तळमजल्यावर, मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसतो. देशातल्या मोठ्या गिरण्यांनी महिन्याला किती टन मका दळला, ते तक्त्यात भरतो. भिंतीवर माझा ग्राफ, लाल रेघेचा.

मॅडम म्हणाल्या, "कपाम्ब्वे, जून ते सप्टेंबर दळण किती होईल ते आत्ताच सांगा. पाच टक्क्यांच्या आत जुळलं, तर जागा तुमची."

गेल्या वर्षी दुष्काळ होता. यंदा मका इतका पिकलाय की भरायला पोती मिळेनात. मका जास्त तर दळण जास्त, हे शेंबडं पोरही सांगेल. गेल्या वर्षीपेक्षा पंधरा टक्के वर. लेखी देऊन आलो.

७ मे
काल भरपूर लिहिलं. आज विश्रांती.

१९ मे
मध्ये कामाचा रेटा होता.

जेरेनं आज डोकं उठवलं. हा माझ्या हाताखालचा. तो न्गोनी जमातीचा, मी बेम्बा. आमच्या पणजोबांनी लढाया संपवून थट्टेचं नातं लावून ठेवलं, त्याची फळं मी भोगतोय. तो काहीही बोलला तरी रागवायचं नाही, हसायचं. त्यानं विचारलं, दुष्काळात रेघ वर का गेली होती? मी म्हटलं, अपवाद. तर म्हणे, माकडं खाणाऱ्यांना आकडे कसे पचणार. हसलो. मग मीही उंदीर खाणाऱ्यांबद्दल दोन शब्द बोललो. तो माझ्याहून मोठ्यानं हसला.

अपवादाकडे नंतर बघू.

३० मे
मकुशीहून मेव्हण्यानं सहा पोती मका पाठवला. बायको खूश. माझी खुर्ची उचलून पॅसेजमध्ये ठेवली, कारण पोत्यांना जागा हवी. चालायचंच. सहा पोती म्हणजे माझ्या अंदाजाला घरपोच पुरावा.

७ जून, शनिवार
बायकोनं बादलीभर मका देऊन चिगायोवर धाडलं. चिगायो म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाची पत्र्याच्या शेडमधली डिझेलची चक्की. रांगेत दोन तास. पुरुष मी एकटाच. वेळ वाया घालवला नाही, उभ्या उभ्या ऑगस्टचा आकडा मनात पक्का केला. पुढे-मागे पन्नास तरी बादल्या होत्या. देशात मका किती आहे बघा!

३ जुलै
जूनचे आकडे आले. नऊ टक्के खाली.

काही फॉर्म उशिरा येणार असतील.

४ जुलै
सगळे फॉर्म आलेले आहेत. एन्डोलाच्या एका गिरणीला फोन केला. मॅनेजर म्हणाला, अर्धी यंत्रं बंद आहेत, माणसं रजेवर धाडलीत, पिशवीबंद पिठाला गिऱ्हाईकच नाही. म्हटलं, जाहिरात करा. त्यानं फोन ठेवला. लोकांना सल्ला झेपत नाही.

६ ऑगस्ट
जुलै, चौदा टक्के खाली. रेघ कागदाच्या तळाला टेकली. खाली दुसरा कागद चिकटवला. जेरे म्हणाला, तिसरा लावायचा तर फरशी खणावी लागेल. हसलो.

उलगडा मात्र झालाय. मका चोरून शेजारच्या काँगोत जातोय. तीन पानी टिपण मॅडमना दिलं. त्यांनी पुरावा मागितला. पुरावा असता तर टिपण कशाला लिहिलं असतं?

रात्री झोप नाही. डोळे मिटले की मागची खोली दिसते, आणि तिच्यात मी, केस सगळे पांढरे. ऑक्टोबरला हुकलं तर पुन्हा कुणी विचारणार नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
चिगायोची रांग आज चर्चच्या फाटकापर्यंत. तीन तास. खांदा गेला.

जेवताना मी नेहमीचं दळण लावलं, की इतका मका, इतका मका, मग जातो कुठे. बायकोनं न्शिमाचा, म्हणजे मक्याच्या उकडीचा, गोळा माझ्या ताटात ठेवला आणि नेहमीसारखी लेकीच्या नावानं मला हाक मारून म्हणाली, "बाशी कातोंगो, दुकानातली पिठाची पिशवी आपण शेवटची कधी आणली?"

आठवून सांगितलं, मार्चमध्ये.

"मग?"

एवढंच बोलली. हसली असती तर बरं झालं असतं. लेक कातोंगोसुद्धा खाली बघून जेवत राहिली.

१७ ऑगस्ट, रविवार
प्रवचन ऐकू आलं नाही. पाऊस चांगला झाला की लोक आपापला मका चिगायोवर नेतात. दुष्काळात दुकानातली पिशवी आणतात, तेव्हा मोठ्या गिरण्या धडाडतात. चिगायोचा दाणाही माझ्या तक्त्यात नाही. मला वाटत होतं, मी देश काय खातो ते मोजतोय. मी मोजत होतो ज्यांच्या घरात मका नाही त्यांना. अठरा वर्षं. लाज वाटली, खूप.

संध्याकाळी बरं वाटलं. ही चूक नाही, हा शोध आहे. अंदाज काय कुणीही बांधेल. शोध लावणाऱ्याला खाली कोण ठेवेल?

१ सप्टेंबर
रिपोर्ट दिला, बावीस पानं. येता येता तिसऱ्या मजल्यावर डोकावून आलो. खिडकीतून जॅकरँडाचं झाड दिसतं. टेबल कुठे ठेवायचं ते ठरवलं.

२ ऑक्टोबर
चार महिने मिळून अठरा टक्के खाली. आता त्याचं काय!

मीटिंगमध्ये मॅडमनी रिपोर्ट उचलून दाखवला. म्हणाल्या, इतकं महत्त्वाचं काम या ऑफिसात आजवर झालं नव्हतं. टाळ्या झाल्या. मी उठून उभा राहिलो.

मग म्हणाल्या, "देशभरातल्या चिगायोंचे आकडे आता दर महिन्याला हवेत. आणि हे तुमच्याइतकं कुणाला कळतं, कपाम्ब्वे? तुम्हाला वर पाठवून खाली कुणाला बसवू?"

वरची जागा जेरेला.

पुन्हा टाळ्या झाल्या. मी उभाच होतो, म्हणून मीही वाजवल्या.

३ ऑक्टोबर
जेरेनं सामान आवरलं. मी म्हटलं, चला, उंदीर आता जिना चढायला लागले. वाट बघितली. तो नुसता म्हणाला, "येतो, सर. काही लागलं तर सांगा." पाच वर्षांत पहिल्यांदा त्यानं उलट टोला दिला नाही.

कीव केली माझी.

६ ऑक्टोबर
चिगायो मोजायला सुरुवात. पहिला गल्लीच्या टोकाचाच. तिथे वजनकाटा नाही. बादलीवर चालतं, कुणाची काठोकाठ, कुणाची शिगोशीग, कुणी वरून हातानं दाबलेली. बादलीचे किलो किती धरायचे, ते कुणालाच ठाऊक नाही. देशात चिगायो किती, तेही नाही. निवृत्तीला अकरा वर्षं आहेत.

चक्कीच्या मालकीणबाईंनी विचारलं, किती दिवस येणार. म्हटलं, थोडेच दिवस, मग मी वर जाणार आहे.

त्यांनी आतून एक स्टूल आणलं, पुसलं आणि त्याच्यावर खडूनं माझं नाव लिहिलं.