मे महिन्यातलं सायप्रस

अब्बा, सायप्रसला कधी जावं हे आता मी पोटासाठी सांगते. बर दुबई भागातल्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात रोज कुणीतरी येतं, "यल्ला, चला, ऑगस्टचं बुक करा, युरोप आहे, थंड असेल." थंड कसलं डोंबलाचं! ऑगस्टमध्ये तिथंही अंग भाजतं आणि हिवाळ्यात पाऊस. जायचं तर मेमध्ये, मी सांगते. डोंगर हिरवे, पाणी गार, गर्दी नाही. आणि दर वेळी हे सांगताना मला तुमचा राग येतो.

कारण मे तुमचा होता. बांधकामाच्या साइटवरच्या फोरमनकीतून वर्षातून एकदा मिळणारी सुट्टी तुम्ही मेमध्येच घ्यायचात. गावी लग्नं मेमध्ये, आणि पावसाआधी आपल्या नव्या घराचा स्लॅब पडायला हवा. शेजारीण सायप्रसहून आली तेव्हा इथल्या रोल्ला भागातल्या आपल्या किचनमध्ये अम्मीनं भाकऱ्या थापता थापता भीतभीत विचारलं, "एकदा आपण पण जाऊया का?" अजून दिसतंय मला. तुम्ही ताटावरून उठताय. "गावाला समुद्र नाही काय? भावाच्या पोरीचं लग्न सोडून पाण्यात नाचायचंय तुला?" तिनं परत नाव काढलं नाही. प्रत्येक मेमध्ये ती गवंड्यांना रांधत राहिली, तुमच्या खानदानाला वाढत राहिली. त्या घराला आज कुलूप आहे, अब्बा. आणि तिला आता त्याचा जिना चढवत नाही.

यंदाही मेमध्ये तुमच्या पुतण्याचं लग्न होतं. अम्मीचे गुडघे बघून डॉक्टर म्हणाले, कुठं फिरवायचं असेल तर आत्ताच. काकांचा फोन आला, "वहिनी आली नाही तर लोक काय म्हणतील?" म्हटलं, म्हणू देत. खलास, फोन ठेवला. एअरपोर्टपर्यंत अम्मी रडत होती. आणि सायप्रसला माझा दंड धरून समुद्रात उतरली, तशी किंचाळली, "अगो बाय, बर्फ हाय गो!" हसता हसता खालीच बसली, कपडे भिजवून. चाळिशी आली माझी, आईला असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. कुणाला जाब विचारू?

तुम्ही तर गेलात, हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून खरं सांगते. तिथं मला तुमची एकदाही आठवण आली नाही. आली ती परतल्यावर, दुबई एअरपोर्टचं दार उघडून तोंडावर भप्पकन गरम हवा आली तेव्हा. अम्मी थांबली. म्हणाली, "तुझे अब्बा ह्याच हवेत दिवसभर उभे असायचे गो." मी टॅक्सी शोधायचं निमित्त करून तोंड फिरवलं. डोळे भरले होते, आणि त्याचाही मला तुमच्यावर रागच आला.