सोनेरी कडेवरचं कुंकू

लाडक्या आणि तितक्याच चेंगट दादा,

अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. तू गेल्यापासून कितीदा वाटलं तुला लिहावं. पण गेलेल्या माणसाला काय खुशाली विचारायची? आज मात्र राहवत नाही. ते केसिंग तू ‘आणतो, आणतो’ म्हणत शेवटपर्यंत आणलंच नाहीस ना? ते मी आणलं. तुझी ती पट्टी त्यात बसवली. बसवेपर्यंत आणि बसवल्यावर मी किती भ्याले, हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

लाइट कमी-जास्त झाली आणि तुझा लॅपटॉप जळाला तो दिवस आठवतो? घरात सगळ्यांची तोंडं उतरलेली, आणि तू खुशाल मांडी घालून स्क्रू काढत बसलेला. आतून चिंगमच्या कांडीएवढी, सगळ्या फायली साठवणारी पट्टी बाहेर काढलीस आणि माझ्या नाकासमोर नाचवलीस. “बोर्ड जळला तर जळू दे. समदं हिच्यात हाय, सुमे! एक केसिंग आणलं की बाहेरनं जोडता येतंय. पेनड्राइव्हवानी खिशात घालून फिरायचं.”

पट्टी कॅमेऱ्याच्या बॅगेतल्या डबीत गेली. केसिंग काही आलं नाही आणि तूच गेलास. छातीत कळ आली, तुला गाडीत घातलं, आणि केजचा दवाखाना येईपर्यंतसुद्धा तू थांबला नाहीस. एरवी प्रत्येक कामाला उशीर करणारा माणूस तू. इथंच एवढी कसली घाई झाली होती रे?

नांदूरघाटात आणि आसपास तू शूट केलं नाहीस असं लग्न सापडायचं नाही. आणि घरात तुझा फोटो शोधायला गेलो तर आधारसाठी काढलेला एक! तोच मोठा करून त्याला हार घातलाय. त्यात तू चोरासारखा दिसतोस. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण फोटोचं जाऊ दे. मला भीती वाटते ती तुझ्या आवाजाची. भाकरी थापताना मी मनातल्या मनात तुला हाक मारायला लावते, “सुमे!” पहिल्या-पहिल्यांदा लगेच ऐकू यायचं. हल्ली नुसता शब्द येतो, आवाज येत नाही. परवा तर तो आमच्या ह्यांच्या आवाजात आला. पीठ तसंच सोडून मी अंगणात जाऊन उभी राहिले. माणूस एकदा जातो ते सोसलं, दादा. असा थोडा थोडा पुन्हा जायला लागला तर काय धरून ठेवायचं?

फोनवर तू कधी धड बोललास? “हां. आलो. ठेव.” संपलं! आणि लग्नांच्या व्हिडिओत सगळीकडे सनई आणि गाणी. तुझा आवाज तूच कापून टाकायचास. “गिऱ्हाइकाला माजी बडबड कशाला?” म्हणायचास. कॅमेऱ्यामागून तू ओरडलेलं सगळं न कापलेल्या मूळ चित्रणात, तुझ्या भाषेत कच्च्या मालात, राहायचं, आणि काम झालं की जागा व्हावी म्हणून तू कच्चा माल पुसायचास.

एकाच लग्नाचा कच्चा माल तू पुसला नव्हतास. माझ्या!

दर राखीला मी तुला टोचायचे, दुनियेच्या पोरींची लग्नं सजवून दिलीस, सख्ख्या बहिणीचं कधी? तू हसायचास. “करतो की निवांत. घरचंच तर हाय.” मी किती फुगून बसायचे! आणि आता देवापुढं हात जोडून म्हणत होते, माझ्या चेंगट भावानं ते एडिट केलेलं नसू दे.

एवढ्यात खंडेनवमी आली. वर्षाच्या आत सण नाही करायचा, म्हणून मी सासरहून, शिरूर कासारहून, नुसतीच आईजवळ बसायला आले होते. येऊन बघते तर पाटावर आपल्या आबांची लोकर कातरायची कातर, शेजारी तुझा कॅमेरा, स्टँड, बॅटऱ्या. आणि त्यांच्या पुढ्यात डबीतून काढलेली ती पट्टी! ओल्या हळदीकुंकवाची बोटं उमटलेली.

“आये, ह्ये काय केलंस? हिला पाणी चालत न्हाई गं!”

“कावून?” आई म्हणाली. “कातरीला चालतंय, क्यामेऱ्याला चालतंय, मग हिनंच काय पाप केलं? सण न्हाई तर न्हाई, पर हत्यार कोरडं ठिवायचं नसतंय. समदं हिच्यात हाय असं त्योच म्हणायचा की!”

“आगं, पर त्या सोनेरी कडेलाच कावून लावलंस?”

“मला त्येच तिचं त्वांड दिसलं.”

 ती कडच तर जोडणीची. तिच्यावर कुंकू वाळून बसलेलं. आईनं तुझा मान केला होता, मी नुसती पट्टी उचलून डबीत ठेवली. तिला रागावले असते तर ती त्या पाटाशीच कोसळली असती.

केसिंग आणायला केजला गेले, तर दुकानदारानं पट्टी उजेडात धरली आणि हसला. “पूजा केली का काय हिची? केसिंग देतो, ताई, पर आदी फॉरमॅट मारावं लागंल. कोरी करकरीत करून देतो. जुनं आता काय निघायचं न्हाई.” बोलता बोलता त्यानं ती जोडायलाही घेतली. मी त्याच्या हातातून हिसकावलीच! “राहू द्या, नुसतं केसिंग द्या, मी घरी बघते,” म्हणाले. दूध केंद्रात कॉम्प्युटरवर बसते ना मी, फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं एवढं कळतं. अजिबात कळत नसतं तर बरं झालं असतं, इतकी भ्याले नसते.

आज सकाळी बसले. केंद्राचा लॅपटॉप मागून आणला होता. मेमरी कार्डाची कड तू कोरड्या खोडरबरानं पुसायचास, ते लक्षात होतं. तसंच हलक्या हातानं पुसत गेले. खोडरबराचा चुरा लाल-पिवळा निघाला, तो तुझ्या लेन्सच्या ब्रशनं झाडला. दर वेळी वाटायचं, कुंकवाबरोबर तूही निघून येतोयस. आई शेजारी सतरंजीवर, हात मांडीत घेऊन बसली होती.

पट्टी केसिंगमध्ये बसवली, स्क्रू पिळला, वायर जोडली. काही नाही! दिवा नाही, आवाज नाही.  पुन्हा काढली, पुन्हा पुसली, पुन्हा बसवली. या वेळी केसिंगचा निळा दिवा लुकलुकला, आणि स्क्रीनवर पाटी आली, डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का?

“काय म्हणतंय?” आईनं विचारलं.

“इचारतंय, समदं पुसू का.”

“न्हाई म्हण! सुमे, आदी न्हाई म्हण त्येला!” आई एवढ्यांदा ओरडली की दारातलं कोकरू दचकून उठलं.

मी नाही म्हटलं. पाटी गेली. ती पट्टीतल्या कुठल्याशा लहान कोपऱ्यापुरतीच होती. मोठा भाग तिच्यामागे शाबूत उभा होता, आणि त्यात तुझ्या हातानं नाव दिलेला फोल्डर, ‘सुमीचं लग्न – राहिलंय’.

आता दाबायचं तर बोट पुढं जाईना. आवाज निघालाच नाही तर? आणि निघाला तर, दादा? तो ऐकून पुन्हा बंद कसा करायचा? आईनं माझा हात धरला. तसंच तिच्या हातासकट दाबलं.

माझ्या हळदीचा मांडव. स्क्रीनभर आईची पाठ, ताट घेऊन इकडून तिकडं. मी कुठंच दिसत नाही. आणि मागून तू, अगदी तू, वैतागलेला, “आये, सरक की जरा! मधी येतीस.”

माझ्या शेजारी सतरंजीवर बसलेली आई पदर सावरत चटकन बाजूला सरकली.

“सरले रं बाळा, सरले,” म्हणाली.

मग आम्ही दोघी कितीतरी वेळ रडलो. पण तिनं ती जागा पुन्हा घेतली नाही, तशीच मोकळी ठेवून बसली.

भीती गेलीय असं समजू नकोस. हे लिहितानाही दर ओळीला मान वर करून तो निळा दिवा बघतेय. एक प्रत माझ्या फोनमध्ये घेतलीय, दुसरी पेनड्राइव्हवर उतरतेय. आणि शब्द देते तुला. ही पट्टी मी कुणालाही कोरी करू देणार नाही. पुढच्या खंडेनवमीला आईच्या हातात मीच देईन, केसिंगसकट, लाव म्हणावं त्या केसिंगच्या पाठीवर हवं तेवढं कुंकू. आणि माझं लग्न आता कुणी एडिट करायचं नाही, दादा. राहिलंय ना? राहू दे तसंच.

तुझ्यावर अजूनही फुगलेली,
सुमी