करंगळीमागचं हाड

प्रिय चिनात्सु,

नववर्षाचं कार्ड मिळालं. छापील शुभेच्छांखाली तू हाताने एकच ओळ लिहिली होतीस, ‘थंडीत पाय दुखतो, बाकी ठीक.’ कार्ड तुझ्या आईच्या तसबिरीपुढे ठेवलं आहे.

इकडची बातमी म्हणजे माझाही पाय मोडला. देवळाच्या पायऱ्या झाडून उतरताना ओल्या पानांवर खडाव कलंडली. गावभर हसं झालं. टोफूवाल्या ओकिनो आजी दारातूनच ओरडल्या, “अहो हाडवैद्य, आता तुमचं हाड कोण बसवणार? मांजर?” मी म्हटलं, “मांजरही गेलं, आजी.” तेव्हापासून त्या रोज टोफूची वडी उंबऱ्यावर ठेवून जातात.

गुडघे मोडून आईपुढे बसता येत नाही. खुर्चीवरूनच घंटा वाजवतो. देवाला उंचावरून नमस्कार केल्यासारखं वाटतं. तिच्यापुढचा भात निवला की तोच खातो. बोलायला कोणी नसतं, म्हणून समोर एक्स-रे टेकवून ठेवलाय.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यावर पेन टेकवून दाखवलं, “नशीब तुमचं, पायाच्या करंगळीमागचं हे हाड अगदी टोकाशी मोडलंय. खडावांवरून पडणारे बहुतेक इथंच मोडून घेतात. सहा-आठ आठवड्यांत जुळेल. बोटभर पुढे मोडलं असतं तर रडला असतात.” त्या पुढच्या जागी रक्त कमी पोचतं, म्हणाल्या. त्यावर चालत राहिलं तर भेग वर्षानुवर्षं तशीच राहते, आणि थंडीत दुखते. मी मान डोलावली. हे मला माझ्या वडिलांनी विसाव्या वर्षीच शिकवलं होतं. अंगठ्याने दाबत जायचं. त्या हाडावर एकाच जागी माणूस दचकला, तर ते मोडलंय असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. आम्हा हाडवैद्यांना कायदाही तेच सांगतो.

शाळेची ती शेवटची शर्यत तुला आठवत असेल. पाच मुली, पाच टप्पे, आणि एकीच्या खांद्यावरून दुसरीच्या हाती जाणारा घामेजला पट्टा. तो मध्येच थांबला तर चार जणींचं धावणं वाया. आदल्या दिवशी तू लंगडत घरी आलीस. “बाबा, मोडलं नाही ना? खरं सांगा हं.” मी दाबलं, घट्ट बांधलं आणि म्हणालो, “मुरगळलंय. पळ बिनधास्त.” तू पट्टा पोचवलास आणि रेषेपलीकडे कोसळलीस. पुढे महिनाभर मीच बांधत राहिलो. तू परत कधी धावली नाहीस. बाबांचा अंदाज चुकला, असं सगळे म्हणाले. आईच्या क्रियेच्या दिवशी तूही माझा हात धरून म्हणालीस, “जाऊ द्या बाबा, चुकतं माणूस.”

चिनात्सु, मी चुकलो नव्हतो. तू दचकली होतीस. बोटभर पुढे, एकाच जागी. माझ्या अंगठ्याला ते कळलं होतं. पण बदली मुलगी नव्हती, रस्त्यावर झेंडे लागले होते, आणि एका दिवसाने काय होतं, असं मी मनाला समजावलं. नंतर खरं सांगायला तोंड राहिलं नाही. आठ वर्षं रोज देवापुढे हात जोडले, पण तुला लिहिलं नाही. आजही माफीसाठी लिहीत नाही. तू डॉक्टरांना ‘मुरगळला होता’ असं सांगशील आणि ते मलम देऊन परत पाठवतील, याची भीती वाटते. एक्स-रे काढायला लाव. अजूनही स्क्रू घालून जोडता येतं म्हणे. विचारलं तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेव. हाडवैद्याने स्वतः लिहून दिलंय म्हणावं.

तोवर त्या पायावर भार देऊ नकोस.

तुझाच,
बाबा